‘चालायला जा’ म्हणून सांगितल्यानंतर



मनोविकाराच्या ओपीडीत गोळ्या लिहून झाल्या की डॉक्टर बहुतेक वेळा शेवटी एक वाक्य बोलतात. रोज अर्धा तास चालायला जा, वेळेवर जेवा, जागरण करू नका, तंबाखू सोडा. पेशंट मान हलवतो. सोबतचा भाऊ किंवा आई त्याला म्हणते, “ऐकलंस ना, काय सांगतायत डॉक्टर?” आणि तोवर पुढचा नंबर पुकारला गेलेला असतो.

आज मला या एका वाक्याबद्दल बोलायचं आहे. त्याच केसपेपरवर वर लिहिलेल्या गोळीला मात्रा असते, मुदत असते. ती किती जणांवर तपासली गेली, कुणाला बाधली, याची नोंद असते. ती लागू पडली नाही तर पुढची पायरीही ठरलेली असते. खालच्या वाक्याला यातलं काहीच नसतं. किती चालायचं, कुणाबरोबर चालायचं, पेशंट अंथरुणातून उठतच नसेल तर काय करायचं, महिन्याने तो परत आला की हे विचारणार कोण आणि ते लिहिणार कुठे, हे कुणीच ठरवलेलं नसतं. गोळीइतकीच जबाबदारी घेऊन हे वाक्य बोलता यावं, यासाठी काय शोधावं लागेल आणि ते कुठे शोधावं लागेल, हा माझा आजचा विषय.

ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, ते डॉक्टर जुन्या पद्धतीने काम करणारे होते. पेशंट समोर बसला की लक्षणांच्या आधी ते कालच्या दिवसाची चौकशी करत: उठलास कधी, काय खाल्लंस, घराबाहेर पडलास का, कुणाशी बोललास. उत्तरं केसपेपरवर लिहीत. पुढल्या खेपेला तीच पानं उघडून पुन्हा विचारत. त्यांनी शोधनिबंध फारसे लिहिले नाहीत, पण ज्याला आज आपण निरीक्षणाची शिस्त म्हणतो ती त्या पानांत होती. म्हणून हा विषय त्यांच्या नावाने चालणाऱ्या व्यासपीठावर मांडावासा वाटला.

विषय किती गंभीर आहे हे आधी सांगतो. तीव्र मानसिक आजार असलेली माणसं इतरांपेक्षा साधारण १० ते २० वर्षं आधी मरतात, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. आत्महत्येचा वाटा त्यात आहेच, पण बरेचसे मृत्यू हृदयविकार, मधुमेह, फुप्फुसाचे आजार आणि जंतुसंसर्ग यांनी होतात, म्हणजे ज्या आजारांवर आपल्याकडे उपचार आहेत अशांनी. स्किझोफ्रेनियाच्या काही प्रभावी औषधांनी भूक अनावर वाढते. ओलान्झापिन सुरू झालेल्या मुलाची आई सांगते, हा रात्री उठून डबे धुंडाळतो. आजाराने आलेली मरगळ, औषधाने आलेली झोप, हातातून गेलेली नोकरी आणि घरातच काढलेले दिवस यांत वजन वाढतं, साखर वाढते. मग आपण त्याला सांगतो, वजन कमी कर. त्या मुलाने औषध घेतलं म्हणून तो सावरला, आणि औषध घेतलं म्हणूनच त्याचं पोट सुटलं. त्याच्या शरीराची जबाबदारी औषध लिहिणाऱ्यावर येते, असं मी मानतो.

इथे एक गोष्ट ठामपणे सांगून ठेवतो, कारण सभागृहात पेशंट आणि त्यांचे घरचेही असतील. चालणं, आहार, झोप यांबद्दल मी जे सांगणार आहे ते औषधांच्या जोडीने करायचं आहे. व्यायाम सुरू केला म्हणून स्किझोफ्रेनियाच्या किंवा बायपोलर आजाराच्या गोळ्या कुणीही स्वतःच्या मनाने बंद करू नयेत.

आता संशोधनाकडे. अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठात जेम्स ब्लुमेंथाल यांच्या गटाने १९९९ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. पन्नाशी ओलांडलेल्या, नैराश्य असलेल्या १५६ जणांचे तीन गट केले. एका गटाला देखरेखीखाली आठवड्यातून तीनदा व्यायाम, दुसऱ्याला सर्ट्रालिन हे औषध, तिसऱ्याला दोन्ही. १६ आठवड्यांनी तिन्ही गट जवळपास सारखेच सुधारले होते. औषधाचा गुण सुरुवातीला लवकर दिसला, एवढा फरक. आहाराबद्दलचा गाजलेला अभ्यास ऑस्ट्रेलियातला, फेलिस जॅका यांचा, २०१७ सालचा. नैराश्याच्या ६७ रुग्णांपैकी अर्ध्यांना आहारतज्ज्ञाची मदत मिळाली, उरलेल्यांना तितकाच वेळ गप्पांची सोबत. १२ आठवड्यांनी पहिल्या गटात ३२ टक्के आजारमुक्त झाले, दुसऱ्यात ८ टक्के. आकडे सुखावणारे आहेत. पण त्या संशोधकांना १७६ माणसं हवी होती आणि मिळाली ६७, हेही त्याच निबंधात नोंदवलेलं आहे. शिवाय आपण भाज्या, डाळी, मासे खातो आहोत हे खाणाऱ्याला ठाऊक असतं. औषधाच्या चाचणीत साखरेची गोळी देऊन रुग्णाला अंधारात ठेवता येतं, पण खोटं चालणं किंवा खोटं जेवण देता येत नाही. बरं वाटेल या अपेक्षेनेच किती बरं वाटलं, हे या क्षेत्रात वेगळं काढणं अवघड असतं.

त्याहून महत्त्वाचा प्रश्न माणसांचा आहे. व्यायामाच्या अभ्यासात कोण येतं? ज्याला व्यायाम करायची थोडी तरी इच्छा आहे तो. त्याला प्रशिक्षक मिळतो, ठरलेली वेळ मिळते, तो आला नाही तर फोन जातो. फ्रान्समधले दोन संशोधक, श्वार्त्झ आणि लेलूश, यांनी १९६७ सालीच चाचण्यांचे दोन प्रकार वेगळे करून दाखवले होते. उपचारात मुळात गुण आहे का हे आदर्श परिस्थितीत पाहणारी चाचणी एक. तो उपचार आहे त्या दवाखान्यात, आहेत त्या कर्मचाऱ्यांच्या हातून, येतील त्या रुग्णांना दिला तर काय होतं हे पाहणारी दुसरी. पहिलीचं उत्तर दुसरीला चालत नाही. मनोविकारांच्या क्षेत्रात राहणीमानावरचं बरंचसं संशोधन पहिल्या प्रकारचं आहे. दुसऱ्या प्रकारच्या चाचण्या कमी आहेत, त्यांचे निकाल पुष्कळदा निराश करणारे आहेत, आणि मला वाटतं आपल्याला शिकवण्यासारखं त्यांच्यातच जास्त आहे.

इंग्लंडमध्ये ब्रिस्टल आणि एक्सेटर परिसरातल्या सर्वसाधारण दवाखान्यांतल्या ३६१ नैराश्यग्रस्तांवर एक अभ्यास झाला. ट्रेड-यूके हे त्याचं नाव. तो २०१२ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आला. निम्म्यांना नेहमीचे उपचार मिळाले. उरलेल्यांना त्याशिवाय हालचाल वाढवायला मदत करणारा एक कार्यकर्ता मिळाला. आठ महिन्यांत जास्तीत जास्त तीन प्रत्यक्ष भेटी आणि दहा फोन. चार महिन्यांनी पाहिलं तर नैराश्यात दोन गटांत फरक नव्हता. व्यायामाचा नैराश्यात उपयोग नाही, असा अर्थ वर्तमानपत्रांनी काढला. तो बरोबर नव्हता. त्या अभ्यासात व्यायाम तपासलाच गेला नव्हता. नेहमीच्या उपचारांना हालचालीच्या प्रोत्साहनाची जोड देऊन काही जास्त मिळतं का, एवढंच तपासलं होतं, आणि उत्तर ‘नाही’ आलं. कार्यकर्ता मिळालेल्या लोकांनी हालचाल वाढल्याचं सांगितलंही होतं. तरी मन हलकं झालं नाही. आपल्या ओपीडीतलं ते शेवटचं वाक्य तर या तीन भेटी आणि दहा फोनांच्या मानाने काहीच नाही. ज्याच्या मागे इतकं बळ होतं त्याचा प्रभाव दिसला नाही, तिथे नुसत्या वाक्याकडून आपण कसली अपेक्षा ठेवतो?

याच्या शेजारी गोव्याचा अभ्यास ठेवून पाहा. पर्वरीच्या ‘संगाथ’ या संस्थेने, डॉ. विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, गोव्यातल्या दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत एक उपचार तपासला. बऱ्यापैकी तीव्र नैराश्य असलेले ४९५ प्रौढ त्यात होते. उपचार देणारे डॉक्टर नव्हते, मानसशास्त्रज्ञही नव्हते. गावातलीच माणसं निवडून, प्रशिक्षण देऊन त्यांना समुपदेशक केलं होतं. आठवड्याला एक अशा सहा ते आठ भेटी, केंद्रात किंवा रुग्णाच्या घरी. तीन महिन्यांनी या गटातल्या ६४ टक्के लोकांचं नैराश्य उतरलेलं होतं, नुसत्या सुधारित नेहमीच्या उपचारांच्या गटात ३९ टक्के लोकांचं. वर्षभराने पाहिलं तेव्हाही फायदा टिकून होता.

हा व्यायामाचा कार्यक्रम नव्हता हे मान्य. नैराश्यात माणूस एकेक गोष्ट सोडत जातो. बाजाराला जाणं सोडतो, अंगण झाडणं सोडतो, शेजारणीशी बोलणं सोडतो, आणि जितकं सोडतो तितकं मन जड होत जातं. ही साखळी कृतीच्या बाजूने उलटी फिरवायची, आधी पाऊल आणि मागून उत्साह, असा तो उपचार. समुपदेशक रुग्णासोबत बसून ठरवतो की या आठवड्यात यातली कोणती एक गोष्ट परत सुरू करायची, कोणत्या वारी, किती वाजता, कुणाच्या मदतीने. पुढच्या आठवड्यात विचारतो, जमलं का? नाही जमलं तर काय आड आलं? ते आड आलेलं कसं दूर करायचं? राहणीत बदल घडवणं म्हणजे प्रत्यक्षात एवढंच काम असतं आणि ते फार कष्टाचं असतं. नंतरच्या विश्लेषणात असं आढळलं की उपचाराचा गुण बराचसा रुग्णांच्या दिनक्रमात अशा कृती खरोखर वाढण्यातून आला होता. उपचार लागू पडला याबरोबरच तो कोणत्या वाटेने लागू पडला हेही कळलं. अशा अभ्यासाचं मोल मला दुप्पट वाटतं.

ट्रेड-यूके आणि गोवा यांची थेट तुलना शास्त्राला धरून होणार नाही. देश वेगळा, रुग्ण वेगळे, नेहमीच्या उपचारांची पातळी वेगळी. इंग्लंडमधल्या रुग्णाला नेहमीचे उपचार म्हणून जे मिळतं ते आपल्याकडे पुष्कळांना कधीच मिळत नाही, त्यामुळे तिथे भर घालायला जागा कमी उरते. ही गोष्ट गोव्यातच दुसऱ्या एका अभ्यासात लख्ख दिसली होती. ‘मानस’ या नावाने तो २०१० साली लॅन्सेटमध्ये आला. २४ दवाखाने होते, निम्मे सरकारी आरोग्य केंद्रं आणि निम्मे खासगी डॉक्टरांचे. गावपातळीवरचा समुपदेशक, डॉक्टर आणि मनोविकारतज्ज्ञ यांनी मिळून उपचार करायचे, अशी रचना. सरकारी केंद्रांत सहा महिन्यांनी बरे झालेल्यांचं प्रमाण सुमारे ६६ टक्के होतं, तुलनेच्या केंद्रांत ४२. खासगी दवाखान्यांत फरक पडलाच नाही, कारण तिथे नेहमीच्या उपचारांनीही साधारण तेवढेच लोक सुधारत होते. एकच उपचार, एकच छोटं राज्य, आणि दाराबाहेरची पाटी बदलली तर निकाल बदलला. दवाखाना हा उपचाराचाच एक घटक आहे, हे मी विद्यार्थ्यांना याच अभ्यासावरून सांगतो.

स्किझोफ्रेनियाच्या बाबतीत चित्र अधिक कठीण आहे. इंग्लंडमध्ये ‘स्टेपवाइज’ नावाच्या अभ्यासात दहा संस्थांमधल्या ४१४ जणांपैकी निम्म्यांना आहार आणि हालचालीचं पद्धतशीर शिक्षण दिलं. चार आठवडे गटसभा, मग अधूनमधून उजळणी आणि संपर्क. वर्षाने वजनात फरक शून्य. डेन्मार्कमधल्या ‘चेंज’ या अभ्यासात ४२८ जण होते. त्यांतल्या एका गटाला वर्षभर स्वतंत्र मार्गदर्शक मिळाला, तरी हृदयविकाराचा धोका कमी झाला नाही. दोन्ही अभ्यास नेटके, दोन्ही प्रामाणिकपणे छापलेले. ते वाचून हताश व्हायला होतं. पण अमेरिकेत मेरीलँडमध्ये गेल डॉमिट यांनी केलेल्या अभ्यासात, तो २०१३ साली प्रसिद्ध झाला, दीड वर्षाने दोन गटांत सरासरी ३.२ किलोचा फरक पडला, आणि वजन सुरुवातीला उतरून पुन्हा चढण्याऐवजी हळूहळू उतरतच गेलं. तिथे काय वेगळं होतं? माझ्या मते जागा आणि सातत्य. ते २९१ लोक ज्या पुनर्वसन केंद्रांत एरवीही येत होते तिथेच, ते आलेले असतानाच, व्यायामाचा तास होत होता. गटात बोलणं आणि एकेकट्याशी बोलणंही तिथेच. त्यासाठी कुणाला वेगळी बस धरून वेगळ्या इमारतीत जावं लागलं नाही. मनोविकाराने ज्याची उभारीच हिरावली आहे, त्याला आणखी एक पत्ता देणं म्हणजे उपचार त्याच्यापासून एक मुक्काम लांब नेणं.

सिडनीच्या बाँडाय भागातल्या सेवेने आणखी एक पाऊल टाकलं. वजन वाढण्याची वाटच पाहिली नाही. पहिल्यांदाच मनोविकाराचा झटका आलेल्या तरुणांना औषध सुरू करतानाच आहारतज्ज्ञ, व्यायामतज्ज्ञ आणि त्याच वाटेने गेलेला एखादा सोबती दिला. अभ्यास लहान होता, २८ जणांचा, आणि गट चिठ्ठ्या टाकून पाडलेले नव्हते, म्हणून त्यावर फार भार टाकता येत नाही. तरी तीन महिन्यांत एका गटाचं वजन सरासरी १.८ किलोने वाढलं आणि नेहमीच्या सेवेतल्या गटाचं ७.८ किलोने. विशीतल्या मुलाला तीन महिन्यांत आठ किलो! त्याला ते औषध पुन्हा घ्यावंसं का वाटेल?

आता आपल्याकडे येऊ. बाहेरचे कार्यक्रम उचलून आणले तर ते इथे कुठे अडतील, याचा विचार संशोधनाची आखणी करतानाच व्हायला हवा.

वजनाचंच घ्या. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी दाखवून दिलं आहे की भारतीय माणूस दिसायला सडपातळ असला तरी त्याच्या अंगात चरबी जास्त असते. २००४ साली लॅन्सेटमध्ये त्यांचं आणि त्यांचे इंग्रज सहकारी जॉन युडकिन यांचं एकत्र छायाचित्र छापून आलं. दोघांचाही बॉडी मास इंडेक्स २२.३. युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के. म्हणून आपल्याकडे अभ्यासात फक्त वजनकाटा ठेवला तर धोका नजरेतून सुटेल. कमरेचा घेर मोजायला हवा. पुरुषांना ९० सेंटिमीटर आणि बायकांना ८० ही आपल्याकडची मर्यादा आहे. मोजपट्टीला पैसे लागत नाहीत. घेर मोजायला कुणाला सांगितलं आहे का, आणि मोजलेलं लिहायला केसपेपरवर जागा आहे का, हा खरा अडसर असतो.

तंबाखूचं प्रकरण तर आपल्याकडे पूर्णच वेगळं. इंग्लंडमध्ये तीव्र मनोविकार असलेल्या ५२६ धूम्रपान करणाऱ्यांवर ‘सिमिटार प्लस’ हा अभ्यास झाला. मनोविकार सेवेतल्याच प्रशिक्षित कार्यकर्त्यांनी मदत केल्यावर सहा महिन्यांनी १४ टक्के लोकांनी सिगारेट सोडलेली होती, इतरांत ६ टक्के. वर्षाअखेर हा फरक कमी झाला. आपल्याकडे यातलं काय चालेल? आपल्या वॉर्डात विडी आहे, मळलेली तंबाखू आहे, गुटखा आहे, बायकांची मिश्री आहे. धुरातल्या घटकांमुळे यकृतातलं एक विकर जोमाने काम करू लागतं आणि क्लोझापिन, ओलान्झापिन ही औषधं शरीरातून लवकर निघून जातात. हा परिणाम धुराचा आहे, निकोटिनचा नाही. म्हणून विडी ओढणारा रुग्ण भरती झाला, विडी एकदम सुटली, तर त्याच मात्रेने रक्तातलं क्लोझापिन वाढतं आणि गुंगी, कधी झटकेही येऊ शकतात. तंबाखू चघळणाऱ्याच्या बाबतीत हे गणित लागू होत नाही. इतका साधा, रोज समोर येणारा फरक ज्यात मांडलेला आहे असा तंबाखूमुक्तीचा कार्यक्रम आपल्या मनोरुग्णालयांसाठी आपल्यालाच रचावा लागेल आणि आपल्यालाच तपासावा लागेल. येरवडा, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरी या चार ठिकाणी राज्याची मनोरुग्णालयं आहेत. चारही ठिकाणी एकच पद्धत वापरून असा अभ्यास करणं अशक्य नाही.

मग चालणं. ऊसतोडीला जाणाऱ्या बाईला, दिवसभर विटा वाहणाऱ्या माणसाला ‘हालचाल वाढवा’ हे वाक्य आपण कोणत्या तोंडाने सांगतो? मोकळ्या वेळात, स्वतःच्या मर्जीने केलेल्या हालचालीचा मनाच्या स्वास्थ्याशी जो संबंध अभ्यासांत दिसतो तो पोटासाठी केलेल्या श्रमांत तसा दिसत नाही. त्या बाईला विश्रांती हवी असेल, झोप हवी असेल, कुणी काम सांगणार नाही असे दोन तास हवे असतील. आणि जिला खरंच चालायची गरज आहे ती घराबाहेर पडली की ‘कुठं निघालीस?’ म्हणून विचारणारी चार माणसं ओट्यावर बसलेली असतात. मैत्रिणींबरोबर भजनाला जायला तिला कुणी अडवत नाही. बचत गटाच्या बैठकीलाही नाही. ज्या चाकोरीत तिला आधीच परवानगी आहे तिथून सुरुवात करणारा उपचार टिकेल, असा माझा अंदाज आहे. अंदाजच आहे. तो तपासायला हवा, आणि तपासताना बायकांचे आकडे वेगळे छापायला हवेत.

योगाबद्दल विचारलं जाईलच म्हणून आधीच सांगतो. आसनं आणि प्राणायाम प्रयोगशाळेत तपासण्याचा मान महाराष्ट्राचा आहे. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली लोणावळ्याला कैवल्यधाम सुरू केलं आणि त्याच वर्षी ‘योगमीमांसा’ हे संशोधनाचं नियतकालिक काढलं. पुढे बंगळुरूच्या निम्हान्समध्ये डॉ. गंगाधर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांवर योगाच्या तुलनात्मक चाचण्या केल्या. औषधं चालू ठेवून योग जोडला तर काही लक्षणांत फायदा दिसतो. पण तिथेही तोच पेच येतो. महिनाभर रोज प्रशिक्षकासमोर येणं किती रुग्णांना जमतं? न आलेल्यांचं काय झालं? योगाबद्दल आपल्याला वाटणाऱ्या अभिमानापोटी हा प्रश्न सौम्य करू नये. कुवलयानंदांनी केला नसता.

गंभीर आजाराच्या रुग्णांसोबत गावात राहून काम करणारा अभ्यास महाराष्ट्रात होऊ शकतो, याचा पुरावा साताऱ्याने दिलेला आहे. २०१४ साली लॅन्सेटमध्ये आलेला ‘कोप्सी’ हा अभ्यास गोवा, सातारा आणि तमिळनाडू इथे झाला. स्किझोफ्रेनियाच्या २८२ रुग्णांपैकी काहींना दवाखान्यातल्या उपचारांसोबत घरी येणारा प्रशिक्षित आरोग्य कार्यकर्ता मिळाला. वर्षाने लक्षणं आणि अपंगत्व दोन्हींत सुधारणा दिसली, पण ती माफक होती. मला हा माफक निकाल मोलाचा वाटतो, कारण तो आपल्या रस्त्यांवर, आपल्या घरांत, आपल्या माणसांकडून मिळवलेला आहे. त्यावर पुढची वीट ठेवता येते. राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणाची २०१५-१६ ची फेरी बारा राज्यांत झाली, त्यांत महाराष्ट्र आणि गोवा नव्हते. आपल्या भागातली स्थिती आपल्यालाच मोजावी लागणार, हे त्यावरूनही कळतं.

मग कसा अभ्यास करावा? माझ्या मनातला आराखडा थोडक्यात सांगतो. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाचं पथक महिन्यातून ठरलेल्या दिवशी ग्रामीण रुग्णालयात जातं. पेशंट सकाळच्या एसटीने येतात, दोन-तीन तास बसतात, महिन्याच्या गोळ्या घेऊन परततात. सोबत आलेल्या माणसाचा रोज बुडतो. ते बसण्याचे दोन-तीन तास हीच आपली जागा. त्याच वेळेत, त्याच ओसरीवर एक सोबती असावा. शक्यतो स्वतः आजारातून उठलेला, मानधन मिळणारा. आधीच अनेक कामांखाली दबलेल्या आशाताईंवर हे टाकू नये. त्याने कमरेचा घेर आणि रक्तदाब मोजून घ्यावा, गेल्या महिन्यात ठरलेली एक गोष्ट जमली का ते विचारावं आणि पुढच्या महिन्याची एक गोष्ट लिहून द्यावी. मधल्या आठवड्यांत फोन करावा. साखर तपासणीची खिडकी त्याच इमारतीत असते. तिथवर पेशंटला सोबत घेऊन जावं.

सगळ्या रुग्णालयांत हे एकदम सुरू करायला माणसं पुरणार नाहीत. तर चिठ्ठ्या टाकून क्रम ठरवावा. दर तीन महिन्यांनी दोन-दोन रुग्णालयं सामील व्हावीत आणि जी अजून वाट पाहत आहेत ती तोवर तुलनेसाठी असावीत. अशा पायरीपायरीच्या रचनेत शेवटी कुणीच वंचित राहत नाही. डॉ. कौस्तुभ जोग, डॉ. सौमित्र पाठारे यांच्या पुण्यातल्या केंद्राने नाशिक जिल्ह्यातल्या पेठ तालुक्यात सुरू केलेला ‘आत्मीयता’ हा कार्यक्रम पुढे गुजरातेत मेहसाणा जिल्ह्यात याच पद्धतीने तपासला गेला. म्हणजे वाट मळलेली आहे.

मोजायचं काय, यावर माझं मत ठाम आहे. नैराश्याची प्रश्नावली आणि वजन हे हवंच. पण पेशंट पुढच्या महिन्यात आला का, कामावर परतला का, रात्री किती झोपला, घरच्यांशी भांडण कमी झालं का, हे त्याच्या लेखी महत्त्वाचं असतं, आणि हे कोणते प्रश्न असावेत ते पेशंट आणि त्यांच्या घरच्यांबरोबर बसून ठरवावं. किती जणांनी सुरुवातीलाच नकार दिला, किती जण मधेच गळले, हे निबंधाच्या तळटीपेत न दडवता पहिल्या पानावर द्यावं. जो गळला तो बहुधा सगळ्यात आजारी होता.

कायदाही लक्षात ठेवायला हवा. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने संशोधनासाठी आजारी व्यक्तीची मुक्त आणि समजून दिलेली संमती आवश्यक ठरवली आहे. याच कायद्याने मानसिक आरोग्य आस्थापनांत राहणाऱ्या प्रत्येकाला सकस अन्न, स्वच्छता, मोकळी जागा, करमणूक यांचा हक्क दिला आहे. म्हणजे वॉर्डातलं जेवण सुधारलं तर पेशंट सुधारतो का, असा अभ्यास करताना एका वॉर्डाला मुद्दाम निकृष्ट जेवण चालू ठेवता येणार नाही. जे हक्काचं आहे ते आधी सगळ्यांना द्यावं लागेल, आणि संशोधन त्याच्या वरच्या पातळीपासून सुरू करावं लागेल.

शेवटची गोष्ट पैशांची. असे अभ्यास साधारण तीन वर्षांच्या अनुदानावर चालतात. अनुदान संपलं की सोबती जातो, फोन बंद होतात, आणि निबंध छापून येतो त्या सुमारास ओपीडी पुन्हा जुन्या वाक्यावर आलेली असते. सिडनीतला कार्यक्रम तिथल्या आरोग्य सेवेने आपल्या नेहमीच्या खर्चात सामावून घेतला, म्हणून तो राहिला. आपल्याकडे अर्ज करणाऱ्या तरुण संशोधकांना माझी विनंती आहे की अंदाजपत्रकात तीन गोष्टी पहिल्या दिवसापासून लिहा. बाहेरचा पैसा थांबल्यानंतर एका वर्षाने तीच रुग्णालयं पुन्हा मोजायला येणारा खर्च. निकाल मराठीत लिहून, ज्यांच्याकडून माहिती घेतली त्या प्रत्येक पेशंटच्या घरी पोचवण्याचा खर्च. आणि सोबत्याचं मानधन पुढे जिल्ह्याच्या कोणत्या मदीतून निघणार, त्याबद्दल जिल्हा शल्यचिकित्सकांशी झालेल्या बोलण्याची नोंद. ती नोंद नसेल तर अभ्यास सुरू करण्याआधी त्यांची भेट घ्या.